टास्मानियातील सात दिवस : मार्गदर्शकाबरोबर जावे की स्वतः गाडी चालवावी?

मुळाकाठची

गेल्या मार्चमध्ये आईबाबांना घेऊन मी टास्मानियाची सात दिवसांची सहल केली. आईचे वय ६८, बाबांचे ७३. भाऊ मेलबर्नला स्थायिक असल्यामुळे ऑस्ट्रेलियात आमची ही तिसरी खेप होती. सिडनी, मेलबर्न आणि त्यांच्या आसपासचे बहुतेक सगळे पाहून झाले होते, आणि बाबांनी नकाशात खाली दिसणाऱ्या बदामाच्या आकाराच्या बेटावर बोट ठेवून "इथे काय आहे?" असे विचारले होते. गाडी भाड्याने घेऊन आपले आपण फिरावे असे भावाचे मत होते, पण त्याला रजा मिळेना आणि अनोळखी घाटरस्त्यांवर वयस्क माणसांना घेऊन एकटीने गाडी चालवण्याचा मला धीर होईना. शेवटी १३ आसनांची छोटी बस आणि तिचा चालक हाच मार्गदर्शक, अशी एक सहल आम्ही निवडली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा धागा जाहिरातीसाठी नाही आणि तक्रारीसाठीही नाही. अशा ठिकाणी मार्गदर्शकाला पैसे देऊन आपण नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न परतल्यापासून माझ्या डोक्यात आहे आणि त्यावर इथल्या अनुभवी मंडळींशी बोलायचे आहे.

बेटाचा थोडा अंदाज देते. क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित जास्त. लोकसंख्या मात्र पावणेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण एका कोल्हापूर शहराएवढी. नैर्ऋत्येच्या मोठ्या भागात रस्ताच नाही. त्यामुळे बहुतेक सर्व सहली एकाच चाकोरीतून जातात : होबार्टहून पोर्ट आर्थर, तिथून पूर्व किनाऱ्याने फ्रेसिने आणि बे ऑफ फायर्स, मग लॉन्सेस्टन, क्रेडल माउंटन, पश्चिम किनाऱ्यावरचे स्ट्राहन आणि क्वीन्सटाउनमार्गे परत होबार्ट. आम्हीही त्याच वाटेने गेलो.

होबार्टबद्दल फार लिहीत नाही. शहरामागचा कुनान्यी, म्हणजेच माउंट वेलिंग्टन, १,२७१ मीटर उंच आहे. आकड्याने तो आपल्या सिंहगडाच्या जवळपास येतो, पण सिंहगडाचा पायथाच मुळात दख्खनच्या पठारावर आहे आणि हा मात्र थेट समुद्रसपाटीपासून उभा राहतो. माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. खाली आम्ही पातळ स्वेटरमध्ये होतो आणि वर वाऱ्याने आईला गाडीचे दार उघडता येईना.

पोर्ट आर्थरने मात्र आम्हा तिघांनाही गप्प केले. १८३० ते १८७७ या काळात ही कैद्यांची वसाहत होती. ज्या चिंचोळ्या भूपट्टीने हे द्वीपकल्प जोडलेले आहे, त्या ईगलहॉक नेकवर कुत्र्यांची रांग साखळ्यांनी बांधलेली असे, म्हणजे पळणाऱ्याला दुसरी वाटच उरत नसे. तिथला 'सेपरेट प्रिझन' हा भाग फटक्यांऐवजी शांततेने माणूस मोडण्यासाठी बांधलेला आहे. कोठडीबाहेर पडताना कैद्याचा चेहरा झाकलेला असे आणि प्रार्थनागृहातसुद्धा प्रत्येकाला उभे राहायला वेगळा कप्पा असे, त्यामुळे शेजारचा दिसत नसे. बाबांनी अंदमानचे सेल्युलर जेल पाहिले आहे. तिथेही एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ येईल अशीच रचना आहे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. बाबा म्हणाले, "कल्पना इथलीच, फक्त आपल्याकडे पन्नास वर्षांनी आली." पोर्ट आर्थरच्याच आवारात एक शांत बाग आणि पाण्याचे कुंड आहे. २८ एप्रिल १९९६ रोजी इथे आणि आसपास एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांचा जीव घेतला, त्यांचे ते स्मारक आहे. तिथे पोचण्याआधी मार्गदर्शकाने बसमध्येच सगळे सांगितले आणि आतल्या कर्मचाऱ्यांना याबद्दल काही विचारू नये अशी विनंती केली. गाव लहान आहे, त्यामुळे ही जखम कोणाच्या घरातली असेल ते आपल्याला ठाऊक नसते. स्वतः गाडी घेऊन गेले असते तर मी कदाचित तिकीट खिडकीवरच तो प्रश्न विचारून बसले असते.

आता मुख्य प्रसंग. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही क्रेडल माउंटनला पोचलो, तेव्हा डोंगर नव्हताच! डव्ह तलावाच्या काठी उभे राहून समोर फक्त करडा पडदा दिसत होता आणि आडवा पाऊस लागत होता. हा डोंगर १,५४५ मीटरचा, म्हणजे कळसूबाईपेक्षा शंभर मीटरने ठेंगणा, पण ट्रेकिंगच्या पुस्तकात वाचून गेलेल्या माझ्यासारखीला तो न पाहता परतणे जिवावर आले. कार्यक्रमपत्रिकेनुसार दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून थेट स्ट्राहनकडे निघायचे होते. रात्रीच्या जेवणानंतर मार्गदर्शकाने हवामानाचे नकाशे पाहिले आणि सर्वांना विचारले : सकाळी साधारण दोन तास आभाळ उघडेल असे मला वाटते, आपण न्याहारी डब्यात घेऊन लवकर परत तलावावर जाऊ, मात्र त्यासाठी झीहानचे खाणींचे संग्रहालय सोडावे लागेल, चालेल का? तेराही जणांनी होकार दिला. सकाळी तलाव आरशासारखा होता, दोन्ही सुळके पाण्यात उलटे दिसत होते आणि काठावरच्या गवतात एक वॉम्बॅट (तिथला पोटपिशवी असलेला गुबगुबीत प्राणी) आमच्याकडे ढुंकूनही न पाहता चरत होता. नऊच्या सुमारास पुन्हा पडदा पडला.

स्ट्राहनहून गॉर्डन नदीवरची बोटसफर सहाव्या दिवशी झाली. नदीचे पाणी चहासारखे तपकिरी आहे, कारण वरच्या दलदलीतल्या गवताचा अर्क त्यात उतरतो. काठावर ह्यूऑन पाइन हे झाड आहे, जे वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर जाड होते आणि दोन हजार वर्षांहूनही अधिक जगू शकते. त्याच्या लाकडात असे तेल असते की ते पाण्यात पडूनही कुजत नाही, म्हणून जहाजे बांधण्यासाठी ते बेसुमार तोडले गेले. जिवंत झाड तोडण्यास आता बंदी आहे आणि पूर्वी तोडून पडलेल्या किंवा वाहून आलेल्या ओंडक्यांवरच तिथले सुतार काम करतात. दुकानात त्याचा वास घेतला की तो लगेच ओळखीचा होतो. आईने छोटासा तुकडा आणून देवघराच्या खणात ठेवला आहे.

सातव्या दिवशी क्वीन्सटाउनचे उघडे डोंगर पाहून होबार्टला परतलो. तांब्याच्या भट्ट्यांसाठी तिथली झाडे तोडली, भट्ट्यांच्या गंधकी धुराने उरलेली मारली आणि पावसाने माती धुऊन नेली. शंभर वर्षांनंतरही गुलाबी-करडे खडक तसेच उघडे आहेत.

तर माझे मत असे झाले आहे की आम्ही त्या सहलीत बस, खोल्या आणि प्रवेशशुल्क यांचे पैसे दिले खरे, पण त्यात मोलाचा होता तो एका माणसाचा पावसाबद्दलचा अंदाज आणि तो अंदाज अमलात आणण्याची त्याला असलेली मोकळीक. आपले अनुभव वाचायला आवडतील.

दक्षिणवारा

लेख आवडला, पण निष्कर्ष पूर्णपणे पटला नाही. मी ११ वर्षे मेलबर्नमध्ये राहतो आणि टास्मानियाला तीन वेळा स्वतःच्या गाडीने गेलो आहे. २०२२ पासून जहाज मेलबर्नजवळच्या जिलॉंगहून सुटते. रात्री गाडीसह चढायचे आणि सकाळी डेव्हनपोर्टला उतरायचे. तिथून क्रेडल माउंटन दीड तासावर आहे. आभाळ झाकलेले असेल तर आम्ही सरळ आणखी एक रात्र मुक्काम वाढवतो. त्यासाठी बारा अनोळखी माणसांची संमती घ्यावी लागत नाही.

दुसरे असे की सात दिवसांत पूर्ण वर्तुळ पूर्ण करण्याच्या अट्टाहासात प्रत्येक ठिकाणी दीड-दोन तास मिळतात. फ्रेसिनेतल्या वाइनग्लास बेच्या माथ्यावरच्या सज्जापर्यंत तुम्ही गेला असाल, पण पलीकडे उतरून त्या वाळूत पाय बुडवून परत चढायचे तर तीन तास हाताशी हवेत आणि ते सहलीच्या बसमध्ये क्वचितच मिळतात.

मात्र गाडी चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. सूर्यास्तानंतर इथे गाडी चालवू नये. वॉलबी, पॅडेमेलॉन, वॉम्बॅट, पोसम हे सगळे अंधारात रस्त्यावर येतात आणि सकाळी रस्त्याच्या कडेला पडलेल्या प्राण्यांची संख्या पाहून मन विषण्ण होते. पहिल्या फेरीत एका वॉलबीने आमचा पुढचा दिवा फोडला आणि ती वाचली नाही. गाडी भाड्याची असेल तर करार नीट वाचावा, कारण कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान काही करारांमध्ये विम्यात येत नाही.

मुळाकाठची

@दक्षिणवारा, वाइनग्लास बेचे तुमचे म्हणणे मान्य आहे. आम्ही सज्जापर्यंतच गेलो आणि बाबा अर्ध्या पायऱ्यांवर एका गुलाबी खडकावर बसून राहिले. पण मुक्काम वाढवण्याची चैन मेलबर्नकरांना परवडते. पुण्याहून परतीचे विमान ठरवून आलेल्यांना नाही. आमच्यासारख्यांपुढे 'सात दिवस की दहा दिवस' असा पर्याय नसतो, 'हे सात दिवस कोणाच्या हाती द्यायचे' एवढाच असतो.

कातळखूण

मी चंद्रपूरला भूगोल शिकवतो, त्यामुळे या धाग्यावर राहवले नाही. धागाकर्तीने पावसाचा उल्लेख केला आहे, पण त्यामागचे गणित आपल्याला घरबसल्या कळण्यासारखे आहे. दक्षिण गोलार्धात चाळिसाव्या अक्षांशानंतर पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना अडवायला जमीन जवळजवळ नाही. ते समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि टास्मानियाच्या पश्चिमेकडील डोंगरांवर आपटतात. क्वीन्सटाउनला वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि डोंगरांच्या आड असलेल्या होबार्टला सुमारे ६००. म्हणजे महाबळेश्वर आणि वाई यांचेच नाते, फक्त तिथे पावसाला चार महिन्यांची शिस्त नाही. तो वर्षभर केव्हाही येतो. म्हणून ठरलेल्या तारखेला ठरलेला डोंगर दिसेल असे तिथे कोणीही म्हणू शकत नाही.

आणखी एक. क्रेडल माउंटनचे सुळके आणि टास्मान द्वीपकल्पावरचे समुद्रातून उभे राहिलेले खांबासारखे कडे डोलेराइट या खडकाचे आहेत. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन भूखंड फाटू लागला तेव्हा हा शिलारस जमिनीच्या आतच थरांमध्ये शिरून थंड झाला आणि आकसताना त्याचे खांब झाले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर असेच खांब दिसतात, पण तो बेसॉल्ट आहे आणि वयाने खूपच लहान, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. ज्या 'गोंडवन' नावाने भूशास्त्र हा सगळा दक्षिणेकडील भूखंड ओळखते, ते नाव आमच्या गोंड मुलखाचे आहे आणि इथला कोळसा ज्या खडकांत सापडतो तेही याच नावाने ओळखले जातात. टास्मानियाला गेलेला विदर्भातला माणूस एका अर्थाने भाऊबंदांकडेच गेलेला असतो. तुमच्या मार्गदर्शकाने हे सांगितले का, याची उत्सुकता आहे.

मुळाकाठची

@कातळखूण, डोलेराइट आणि गोंडवन हे दोन्ही शब्द त्याने उच्चारले, पण गोंडवनाचे नाव कुठून आले ते त्याला ठाऊक नव्हते. ते बाबांनी त्याला सांगितले. पुढचे दोन दिवस तो प्रत्येक थांब्यावर बाबांकडे पाहून "तुमचाच खडक" असे म्हणत असे.

तळटीप

मार्गदर्शकांबाबत माझा अनुभव थोडा कडू आहे. आम्ही गेलो होतो तेव्हा आमच्या मार्गदर्शकाने त्रुगानिनी या मूळनिवासी स्त्रीची गोष्ट सांगताना ती 'शेवटची टास्मानियन' होती असे सांगून टाकले आणि बसमधल्या सर्वांनी हळहळ व्यक्त केली. हे जुने आणि चुकीचे कथन आहे. १८७६ मध्ये तिचा मृत्यू झाला, तिच्या इच्छेविरुद्ध तिचा सांगाडा पुढे होबार्टच्या संग्रहालयात मांडला गेला आणि १९४७ पर्यंत तो प्रदर्शनात होता. १९७६ मध्ये तिच्या समाजाने तिच्यावर अग्निसंस्कार केला आणि अस्थी तिच्या जन्मभूमीजवळच्या समुद्रात सोडल्या. जो समाज शंभर वर्षांनी आपल्या माणसाच्या अस्थी मागून घेतो, तो नामशेष झालेला कसा असेल? पलावा हे मूळनिवासी लोक आजही तिथे आहेत आणि जुन्या बोलींच्या नोंदींतून त्यांनी पलावा कानी ही भाषा पुन्हा उभी केली आहे. कुनान्यी हे डोंगराचे नाव तिच्यातलेच आहे.

मार्गदर्शक घ्यावाच, पण तो सांगतो ते सगळे प्रमाण मानू नये.

मुळाकाठची

@तळटीप, महत्त्वाची भर घातलीत. आमच्या मार्गदर्शकाने या बाबतीत काळजी घेतली होती. बे ऑफ फायर्सवर नारिंगी दगडफूल चढलेले खडक आणि पांढरी वाळू पाहून सगळ्यांना वाटते की नाव त्या रंगावरून पडले. त्याने सांगितले की १७७३ मध्ये जहाजावरून जाणाऱ्या कॅप्टन फर्नो याला किनाऱ्यावर जागोजागी लोकांनी पेटवलेले विस्तव दिसले, त्यावरून हे नाव आले. म्हणजे त्या नावातच तिथे माणसे राहत होती याची साक्ष आहे. या किनाऱ्याचे त्यांचे स्वतःचे नाव लारापुना असे आहे.

अळूवडी

खाण्यापिण्याबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून विचारते. माझ्या सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत आणि कांदा-लसूणही खात नाहीत. अशा सहलीत त्यांचे कसे होईल? घरून काय नेता येते?

मुळाकाठची

@अळूवडी, होबार्ट आणि लॉन्सेस्टनमध्ये भारतीय उपाहारगृहे आहेत, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. खरी अडचण क्रेडल आणि स्ट्राहनला येते. आम्ही खोलीत छोटे स्वयंपाकघर असलेल्या ठिकाणी राहिलो आणि लॉन्सेस्टनच्या दुकानातून तांदूळ व दही घेऊन ठेवले. आईजवळ मेतकूट होते, त्यामुळे क्रेडलच्या त्या पावसाळी रात्री बाहेर चार अंश तापमान असताना आम्ही गरम मऊ भात, तूप आणि मेतकूट खाल्ले. शेजारच्या खोलीतल्या जर्मन जोडप्यालाही आईने वाटीभर दिले. मात्र भारतातून नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ ऑस्ट्रेलियात उतरताना अर्जावर जाहीर करावा. लपवला तर मोठा दंड होतो. आणि मेलबर्नहून टास्मानियात जातानासुद्धा ताजी फळे व भाज्या नेता येत नाहीत. विमानतळावर कुत्रे सामान हुंगतात. आईच्या पर्समध्ये विसरलेले एक सफरचंद त्यांनी बरोबर हुडकले, आणि हे ज्या बेटावर नेणे मना आहे त्यालाच 'सफरचंदांचे बेट' म्हणतात, हे ऐकून आईला हसू आवरेना.

निवृत्तमास्तर

मी ७६ वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपूर्वी पत्नीसह एका मोठ्या सहल कंपनीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात टास्मानियाचे काही दिवस केले. ४० माणसे, मोठी बस, रोज नवे हॉटेल. जेवण आपल्या पद्धतीचे मिळाले आणि बरोबरची मंडळी मराठी असल्यामुळे गप्पांचीही सोय होती; ते सुख कमी नव्हते. पण क्रेडल माउंटनला आमचीही धागाकर्तीसारखीच गत झाली. दाट धुके, पाऊस आणि तलावकाठच्या काचेच्या निवाऱ्यात बसून घेतलेली कॉफी. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून स्वच्छ आभाळ दिसत होते. मी सहल व्यवस्थापकाला पुन्हा एकदा तलावावर जाता येईल का असे विचारले. तो भला मुलगा होता, पण त्याच्या हातात काहीच नव्हते : पुढच्या गावी ४० जणांचे जेवण ठरलेले, चालकाच्या कामाचे तास ठरलेले, बस परत वळवायची तर मुंबईच्या कार्यालयाची परवानगी. आम्ही त्या निळ्या आभाळाखालून पाठ फिरवून निघालो.

म्हणून मला वाटते की इथे चाललेला 'मार्गदर्शक की स्वतःची गाडी' हा वाद थोडा बाजूला पडतो. माझ्याजवळही मार्गदर्शक होता. माझा प्रश्न धागाकर्तीला असा आहे की मार्गदर्शकाला तशी मोकळीक आहे की नाही, हे सहल ठरवण्यापूर्वीच कसे ओळखावे?

दक्षिणवारा

@निवृत्तमास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून माझे आधीचे मत मी थोडे सौम्य करतो. माझ्या आईवडिलांना पुढच्या वर्षी नेताना मी स्वतः चालक असलो तरी सतत रस्त्याकडे पाहत असणार आणि त्यांना काही सांगू शकणार नाही, हेही आता लक्षात येते आहे.

मुळाकाठची

@निवृत्तमास्तर, तुमचा प्रसंग वाचून वाईट वाटले. आम्हालाही हे आधी ठाऊक नव्हते. नशीब चांगले निघाले. पण पुन्हा जायचे झाले तर पैसे भरण्यापूर्वी मी पत्राने तीन गोष्टी विचारीन. बसमध्ये जास्तीत जास्त किती माणसे असतील; क्रेडलला एक रात्र आहे की दोन; आणि हवामान पाहून दिवसाचा क्रम बदलायचा असेल तर तो निर्णय बसमधला माणूस घेतो की कार्यालय. तिसऱ्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आले तर ती सहल सोडून द्यावी. दोन रात्रींचा मुक्काम असणारी सहल महाग पडते, तरी वयस्क मंडळींसाठी मी तीच सुचवीन, कारण रोज बॅग भरण्याचा त्रासही वाचतो.

चालण्याबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण सांगून ठेवते. डव्ह तलावाची पूर्ण प्रदक्षिणा सहा किलोमीटरची आहे आणि तिला दोन ते अडीच तास लागतात. बाबांनी ती केली नाही, फक्त जुन्या लाकडी नौकाघरापर्यंतचा तुकडा केला आणि तो त्यांना पुरला. गॉर्डन नदीवरच्या थांब्यावर लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे. पोर्ट आर्थरला चढउतार आहेत, तिथे काठी बरोबर ठेवावी.

निवृत्तमास्तर

मनःपूर्वक आभार. पत्नीला हा धागा वाचून दाखवला. ती विचारते आहे की तुम्हाला प्लॅटिपस (बदकासारख्या चोचीचा तो पाणप्राणी) दिसला का, कारण आम्हाला तोही दिसला नव्हता.

मुळाकाठची

संध्याकाळी क्रेडलजवळच्या एका ओढ्यावर मार्गदर्शकाने आम्हा सर्वांना पाऊण तास न बोलता उभे केले. पाण्यावर दोनदा बुडबुडे आले, एकदा काहीतरी तपकिरी पाठीसारखे वर येऊन गेले. आई म्हणते तो प्लॅटिपस होता, बाबा म्हणतात ओंडका होता. मार्गदर्शकाने उत्तर दिले नाही, नुसता हसला. काकूंना सांगा की आमच्या घरी यावर अजून वाद चालू आहे.